देवजीच्या पोरीच्या लग्नापासून

साखरशेत
२४ ऑगस्ट २०२५

जानी आत्यास सुषमाचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी मेलेलं नाही, कुणी पळूनही गेलेलं नाही. फोनच करणार होते, पण तुमच्या घरातल्या फोनचा कानाकडचा आवाज गेलाय. बोलायचं तर स्पीकर लावावा लागतो, आणि रेंज हवी तर पाड्याबाहेरच्या खडकावर चढावं लागतं. तिथं सदा चारजणी बसलेल्या. मागं मी नुसतं "जुलाब थांबले का" विचारलं तर तुझ्याआधी तिघींनी उत्तर दिलं. आजचा विषय जुलाबाच्याही खालचा आहे, म्हणून कागद घेतला. नितीनच्या जीपमधून पाठवते आहे. सुनेकडून वाचून घे, दार लावून.

भाताची आवणी उरकल्यावर तू आमच्याकडं राहायला म्हणून आलीस आणि दिवस मावळायच्या आत निघालीस. मी खाटेवर गोधडी घातली तर तू उंबऱ्यापाशी पोतं टाकून बसलीस. नागलीची अर्धी भाकर तशीच ठेवलीस. लोक म्हणतील भाचीनं धड विचारलं नाही. मला दुसरंच वाटलं. आत्या, तू फिकी पडली आहेस.

आशाताई म्हणून मी पाड्यापाड्यावर जे सांगत फिरते ते आता तुला सांगते. जव्हारला बायकांच्या पिशवीच्या तोंडाची तपासणी करतात. तिथं कॅन्सर व्हायचा असेल तर तो होण्याआधी कळतो, आणि तेव्हा कळला तर लहानशा उपचारात थांबतो. चायनीजच्या गाडीवर व्हिनेगर असतं ना, तसलंच पातळ पाणी कापसानं लावतात आणि जरा थांबून बघतात. जागा पांढरी झाली तर पुढं पाठवतात, नाही झाली तर घरी. सुई नाही, कापाकापी नाही. मॅडम बाईमाणूसच आहेत.

हे मी कितीही गोड करून सांगितलं तरी कुणी येत नाही. मागच्या शिबिराला आमच्या पाड्यावरून एकटी गोदी आली, तीही चुकून. तिला वाटलं चष्मे वाटतायत. प्रश्न विचारून झाले आणि टेबल बघून पळाली.

तू आलीस तर बाकीच्या येतील. सगळ्या तालुक्यात देव उठवणारी धवलेरी तू, तुझ्या गाण्याशिवाय आमच्याकडं लग्न लागत नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं, प्रगतीचंही या उन्हाळ्यात तूच लावलंस. तुझं ऐकतील त्या. ये.

तुझी सुषमा

•

कुंडाचा पाडा, ता. मोखाडा
५ सप्टेंबर २०२५

सुषमाताईंना वर्षाचा नमस्कार.

आई सांगतात तसं लिहिते आहे. त्या चुलीपाशी आहेत, मी दारात उजेडाला. त्यांचं बोलणं मी शाळेच्या मराठीत करून लिहिते, नाही जमलं तिथं तसंच ठेवते. तुमचे भाऊ वसईला कामावर आहेत. मामंजी गुरांमागं गेलेत.

आई म्हणतात: पोरी, तुझं पत्र ऐकलं. मी फिकी पडले कारण मी म्हातारी झाले. जांभूळसुद्धा वाळलं की फिकं पडतं. उंबऱ्यापाशी बसले कारण तिथं वारा येतो. तुझ्या खाटेत ढेकूण आहेत, ते मी तुला तोंडावर सांगितलं नाही इतकंच.

जिथं दुखत नाही तिथं हात घालू नये असं माझी आई सांगायची. नवशीनं असंच कुठंतरी शहरात दाखवलं होतं, तर डॉक्टरनं पिशवीच काढून टाकली. आता तिला पाण्याचा हंडा उचलत नाही आणि नवरा म्हणतो, रिकाम्या बाईला घेऊन काय करू. तू म्हणशील कापाकापी नाही. नवशीलाही आधी तसंच सांगितलं होतं.

आणि दुसरं. ज्या जागेतून माझी चार पोरं बाहेर आली ती जागा माझ्या नवऱ्यानं कधी उजेडात बघितली नाही. मीही बघितली नाही. ती तुझी परक्या गावची मॅडम बॅटरी लावून बघणार? मना नाय जमायचा.

तिसरं. तू सगळ्यांना सांगतेस, तू स्वतः झोपलीस का त्या टेबलावर?

प्रगतीला दिवस गेलेत असं कळलं. तिला जड उचलू देऊ नको.

इतकंच आई म्हणाल्या. आता त्या बाहेर गेल्यात म्हणून माझं एक विचारते. ताई, आमच्या इथं एक बाई आहे. तिला अंगावर जातं, ते कधी थांबत नाही आणि त्याला वास येतो, मासळीच्या पाण्यासारखा. भगतानं पाला दिला, त्यानं काही झालं नाही. तिला काय झालं असेल? भगताशिवाय तिनं कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून तुम्हीही कुणाला विचारू नका.

वर्षा

•

साखरशेत
२१ सप्टेंबर २०२५

आत्या,

माझ्या खाटेत ढेकूण नाहीत. परवाच उन्हात टाकली होती.

तुझ्या पहिल्या प्रश्नाला उत्तर असं, की दुखायला लागल्यावर आलेल्या बाईला आम्ही उशिरा आलीस म्हणतो. दुखत नाही तोवरच ही तपासणी. नवशीचं झालं ते वाईट झालं. गावोगाव असे डॉक्टर बसलेत, साधं पांढरं जातं म्हटलं तरी पिशवी काढायला निघतात. पण सरकारी तपासणीत पिशवीला हात लावत नाहीत, नुसतं बघतात. बॅटरीचं म्हणशील तर मॅडम रोज इतक्या बायका बघतात की तुझी कुठली आणि माझी कुठली त्यांच्या लक्षात राहत नाही. माझं विचारलंस. माझं काय, मी तर सदा तिथंच असते.

एक वाईट बातमी आहे. प्रगतीचं पोट पडलं. तिसरा महिना होता. आता बरी आहे, पण भिंतीकडं तोंड करून पडून असते. तिची सासू धोंडीबाई म्हणते, लग्नातच काहीतरी चुकलं असणार, नाहीतर पहिलंच पोट कसं पडेल. मी तिला असं झापलं की पुन्हा बोलणार नाही. म्हटलं, लग्न माझ्या आत्यानं लावलंय. तिच्याइतकी शुद्ध बाई सगळ्या तालुक्यात दाखव, मी तुझ्या घरी पाणी भरीन. तुला ऐकून बरं वाटेल म्हणून लिहिलं.

वर्षा, ही खालची ओळ तू मोठ्यानं वाचू नकोस. ती बाई तूच आहेस ना? शेजारणीच्या नावानं विचारतात सगळ्या, मला आता सवय झाली आहे. अगं, त्यात लाज कसली? तुझं वय लहान आहे, बहुतेक साधी सूज असेल, गोळ्यांनी जाईल. पण वास येतो म्हणतेस तर हयगय नको. सासूला माहेरी जाते म्हणून सांग आणि माझ्याकडं ये.

सुषमा

•

कुंडाचा पाडा
९ ऑक्टोबर २०२५

सुषमाताई,

ती बाई मी नाही.

तुमचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं. प्रगतीचं वाचलं तेव्हा त्या भात निवडत होत्या, हात थांबला. पुढं शुद्ध बाईचं वाक्य आलं. मला वाटलं खूश होतील. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि घराच्या मागं गेल्या. त्या दिवसापासून धड जेवत नाहीत. मामंजींनी विचारलं तर म्हणाल्या, दाढ दुखते.

काल आम्ही दोघीच नाचणीच्या खळ्यावर होतो तेव्हा म्हणाल्या, "कागद आण. लिही. नि लिहिताना माझे तोंडाकडं बघू नको." म्हणून मी पाठ करून बसले. आता त्या म्हणाल्या ते लिहिते.

सुषमा, मी तुला ढेकणाचं खोटं सांगितलं. तुझी गोधडी खराब होईल म्हणून मी पोत्यावर बसले होते. माझं बंद होऊन किती पावसाळे झाले. आता पुन्हा जातंय आणि थांबत नाही. देवजीच्या पोरीच्या लग्नात, तुमच्याच साखरशेतात, भिंतीवर लिहिलेल्या देवीच्या चौकासमोर गात होते तेव्हा सुरू झालं. मला कळलं. अंगावर रक्त असताना चौकासमोर बसू नये, हे मी दुसऱ्या बायकांना सांगून उठवते. पण मांडव भरलेला, देव अर्धे उठलेले. अर्ध्यातून उठले असते तर सगळ्यांना कळलं असतं. मी गात राहिले. म्हटलं एकदाचं आहे, थांबेल. मग पुढचं लग्न आलं. तेव्हाही होतं. नाही म्हणायला कारण काय सांगू? मग पुढचं आलं. असं करत प्रगतीचं आलं. तुझ्या बापानं हात जोडून बोलावलं. मी आतून फडकी घट्ट बांधली आणि आले.

तू म्हणतेस मी बॅटरीला भिते. नाही भीत. पिशवी काढली तर काढू देत, ती आता काय कामाची. तुझ्या मॅडम पहिलं काय विचारतात ते मला गोदीनं सांगितलंय. कधीपासून जातंय, हेच विचारतात. मला महिने येत नाहीत, मला लग्नं येतात. मी कधीपासून सांगितलं की ती सगळी लग्नं विटाळात लागली असं होईल. ज्यांची मी लावली त्यांच्या घरात ढोर मेलं तरी माझं नाव निघेल. आणि प्रगतीचं तर निघालंच पाहिजे. तिचं पोट माझ्यामुळं पडलं.

तुझ्या बापाला सांगू नको.

ताई, इतकं सांगून आई उठल्या. माझं म्हणाल तर मला पावसाळ्याच्या आधीपासून माहीत होतं. त्या माझ्याआधी ओढ्यावर जातात, फडकी दगडाखाली सुकवतात. धुणं मी करते, मला कळणार नाही का? पण सासूला असं कसं विचारायचं? त्या माझ्यापासून लपवत होत्या आणि मी त्यांच्यापासून लपवत होते, की मला माहीत आहे. एका चुलीवर जेवून आम्ही असं केलं. लवकर कळवा काय करायचं ते.

वर्षा

•

साखरशेत
१६ नोव्हेंबर २०२५

आत्या, वर्षा,

तुमचं पत्र मला मिळून महिना झाला. नितीननं दुसऱ्याच दिवशी आणून दिलं होतं. तुम्ही त्याला विचारलं असेल, त्यानं दिलं म्हणून सांगितलं असेल, आणि तुम्हाला वाटलं असेल सुषमा धावत येईल. मी आले नाही.

काय लिहू? पत्र वाचलं आणि माझ्या मनात पहिलं हेच आलं, की म्हणूनच. म्हणूनच प्रगतीचं पोट पडलं. मी आशा आहे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ का पडतो ते मी सुनांना आणि सासवांना समजावते, पाठ आहे मला. ते सगळं बाजूला राहिलं आणि मी तुझ्यावर चिडले. वाटलं, दुसरी धवलेरी मिळाली नसती का? माझ्याच बहिणीच्या लग्नात यायचं होतं? पत्र कणगीत टाकलं. रोज तिथून भात काढायचे आणि पत्र तसंच ठेवायचे. भाताच्या कापणीचं कारण स्वतःला सांगत होते.

मग परवा धोंडीबाई पुन्हा तेच बोलली आणि मी गप्प बसले. मागच्या वेळी झापलं होतं, या वेळी तोंडातून शब्द निघाला नाही. तेव्हा मला कळलं की मी आणि धोंडीबाई एकाच माळेचे मणी आहोत, फक्त मी आशाची गुलाबी साडी नेसून फिरते.

तू लिहिलंस ते जर कुठल्या दुसऱ्या बाईनं सांगितलं असतं तर मी तिला त्याच दिवशी जीपमध्ये घातलं असतं. बंद होऊन पुन्हा जाणं आणि वास, हे ऐकल्यावर थांबायचंच नसतं. तुझा एक महिना मी खाल्ला. हे मी कुणाला सांगू, तुलाच सांगते.

आणि टेबलाचं. मी खोटं बोलले नव्हते, पण खरंही सांगितलं नव्हतं. मी कधी तपासून घेतलं नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान. मॅडम ओळखीच्या, उद्या त्यांच्यासमोर चहा प्यायचा, म्हणून टाळत आले. या आठवड्यात झोपले. डोळे मिटून घेतले होते. चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. काही निघालं नाही.

आता बुधवारी ये. नितीन दारात जीप आणेल. मी मॅडमना आधीच सांगून ठेवते, कधीपासून हे तुला मोठ्यानं विचारणार नाहीत. मी उत्तर लिहून देईन. कुणाला कळणार नाही. झाकली मूठ राहील.

प्रगतीचं पोट तुझ्यामुळं पडलं नाही. हे मी आता लिहिते आहे आणि मला खरंच तसं वाटतंय. महिनाभर वाटत नव्हतं.

सुषमा

•

कुंडाचा पाडा
३ डिसेंबर २०२५

सुषमाताई,

बुधवारी आम्ही आलो नाही. रागावू नका. तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशीच इकडच्या शाळेत शिबिर लागलं होतं आणि आई आपणहून उठल्या. म्हणाल्या, सुषमाचं उत्तर नाही आलं, म्हणजे तिला घाण वाटली. आता जे व्हायचं ते होऊ दे. मी त्यांच्याबरोबर गेले.

शिबिर बीपी आणि साखर तपासायचं होतं, म्हणून बायका खूप होत्या. आतल्या बाजूला दोन साड्या बांधून टेबल ठेवलं होतं. तिकडं कुणी जात नव्हतं. आई सरळ साडीच्या आत गेल्या. बाहेर सगळ्यांनी माना वळवल्या. धवलेरी गेली म्हणजे काय असेल, असं बघत होत्या. तुमच्या प्रगतीची सासू धोंडीबाईही होती, तिचं माहेर इकडचंच ना.

मॅडम नव्या होत्या, तरुण. वाईट नव्हत्या, पण आवाज मोठा. त्यांनी विचारलं, "आजी, रक्त कधीपासून जातंय?" आई छताकडं बघत राहिल्या. मॅडमना वाटलं ऐकू आलं नाही. त्यांनी आणखी मोठ्यानं विचारलं.

मग आई म्हणाल्या, "देवजीचे पोरीचे लगनापासून."

"म्हणजे कुठला महिना?"

"महिना मना नाय येत. पयला देवजीचे पोरीचा लगीन. मग तानीचे पोराचा. मग शिरपामाळाखालचे दोन. मग माझे भावाचे पोरीचा, प्रगतीचा. तेचेमागून तीन. सगळे लगनात होता."

एकेक नाव त्या गाण्यात घेतात तसं घेत होत्या, स्पष्ट. मला वाटतं हळू बोलायचं त्यांना येतच नाही. त्या कायम मांडवाला ऐकू जाईल असंच बोलत आल्या. साडीच्या बाहेरून भांडं पडल्यासारखा तानीचा आवाज आला, "आमचे पोराचे लगनात पण?" आणि कुणीतरी तिला बाहेर नेलं.

मॅडमनी बघितलं. पाणी लावायचीही गरज पडली नाही. नुसतं बघूनच त्यांना कळलं. मग आईंचा हात धरला आणि म्हणाल्या, आजी, हे आधी यायला हवं होतं. तुकडा काढून पाठवला, त्याचा निकाल आला. तो रोगच आहे. नाशिकला मोठ्या दवाखान्यात यंत्राखाली शेक द्यावे लागतील. मामंजी बरोबर जातायत.

आम्ही बाहेर आलो तेव्हा बायकांनी वाट दिली. नमस्कार कुणी केला नाही. एरवी आईंच्या पाया पडतात. आई घरी आल्यावर म्हणाल्या, "सुषमेला लिव, घाण वाटली तरी चालल. मना पण वाटते."

मग तुमचं पत्र वाचून दाखवलं. ऐकून त्या खूप वेळ रडल्या. कशासाठी ते मी विचारलं नाही.

वर्षा

•

साखरशेत
१८ जानेवारी २०२६

आत्या,

वर्षाकडून कळलं की शेक सुरू झालेत, अंग भाजल्यासारखं होतं, पण रक्त कमी झालंय. हे पत्र तिला नाशिकला घेऊन जायला सांगितलंय. मी आले नाही याला या वेळीही कारण आहे आणि तेही लाजेचंच आहे. सांगून टाकते.

नोव्हेंबरच्या त्या शिबिरानंतर इकडं बोभाटा झाला. धोंडीबाईनं दुसरी धवलेरी आणून प्रगतीचा चौक पुन्हा लिहून घेतला. प्रगती पुन्हा नवरी होऊन बसली, नाही म्हणाली नाही. तिला वाटलं पुढचं पोट टिकेल. मी गेले नाही, पण आडवीही गेले नाही.

मग नवीन निघालं. धवलेरीच्या हाताची हळद लागली, तिच्याबरोबर एका भांड्यातून प्यायलो, तिनं चौक लिहायला लावला, म्हणजे तिचा रोग आपल्याला आला. आणि आत्या, बायका यायला लागल्या. ज्यांच्या दारात मी चपला झिजवल्या त्या आपणहून जव्हारला यायला लागल्या. तुझ्याबरोबर चौक लिहिलेल्या सवाशिणी, वरमाया, करवल्यासुद्धा. सासवा कोवळ्या सुनांना ओढून आणत होत्या, मॅडम त्यांना तुमचं वय नाही म्हणून परत पाठवत होत्या. दवाखान्याच्या ओटीवर बसायला जागा नाही. तिघींची जागा पांढरी झाली. लहान उपचार केला, सुटल्या. त्यांतली एक गोदी.

बैठकीत माझं कौतुक झालं. साहेब म्हणाले, सुषमाताईंनी काय जादू केली ते बाकीच्यांनी शिकावं. टाळ्या वाजल्या. मी हसले. तुझ्या बदनामीवर मला टाळ्या मिळाल्या आणि मी हसून घेतल्या. मला एका वाक्यात सांगता आलं असतं की हा रोग हळदीनं लागत नाही. पण सांगितलं तर ओटी रिकामी होईल, हे माहीत होतं. म्हणून गप्प राहिले. असं तोंड घेऊन तुझ्या खाटेपाशी कशी येऊ?

शेवटी परवा राहवलं नाही. ओटीवर एकजण म्हणाली, त्या धवलेरीला पाड्यात परत घेऊ नये. मी उठले आणि सगळं सांगितलं. हा रोग हळदीनं, चौकानं, भांड्यानं लागत नाही. त्याचा विषाणू असतो, तो बहुतेक नवऱ्याकडूनच बाईला मिळतो, बाईचा त्यात दोष नसतो, नवऱ्यालाही ठाऊक नसतं. इतक्या वर्षांत मी हे कधी बोलले नव्हते. नवऱ्याचं नाव घ्यायला माझीच जीभ रेटत नव्हती.

धोंडीबाई उठली. म्हणाली, "म्हंजे आमचे पुरुष रोगी? त्यांना रोगी ठरवायला मी टेबलावर झोपू?" ती गेली. तिच्यामागून एकेक गेली. तुझ्याकडून रोग आला असता तर त्यांना चालणार होतं. घरातून आला हे नाही चाललं. ओटीवर चार राहिल्या, त्याही म्हाताऱ्या, रांडावलेल्या.

तुझं नाव मी सोडवलं, पण मला काही बरं वाटत नाही. तू काय म्हणशील ते सांग.

सुषमा

•

नाशिक
७ फेब्रुवारी २०२६

सुषमाताई,

आईंनी दोन दिवस घेतले सांगायला. तोंड सुकतं, मध्ये थांबावं लागतं. त्यांचंच लिहिते.

पोरी, गाढवच आहेस तू. माझं नाव सोडवायला तुला सांगितलं कुणी?

माझा नवरा, बुध्या, इथं दवाखान्याच्या आवारात तीन दगड मांडून माझ्यासाठी भात करतो. धुरानं डोळे लाल झालेत त्याचे. माझी फडकी तो धुतो. पुरुषानं धुतलेली मी आयुष्यात बघितली नव्हती. पहिल्या दिवशी मी लाजेनं तोंड झाकून घेतलं तर म्हणाला, "माझा हात काय झिजते?" आता तुझ्या म्हणण्याप्रमाणं हे त्याच्याकडून आलं असेल. तरणा होता, भिवंडीला गोदामात राहायचा, मी विचारलं नव्हतं. आता विचारू? तो त्या चुलीपाशी बसलाय, त्याला जाऊन सांगू? मी नाही सांगणार. मग त्या बायका तरी का सांगतील? त्या उठून गेल्या त्यांना मी बोल लावत नाही.

मी लाजेला भिऊन घरात बसले, माझं काय झालं ते मला ठाऊक आहे. डॉक्टर म्हणतात बघू. बघू म्हणजे काय ते मला कळतं, मीही लोकांना तसंच सांगते. तुझा महिना गेला म्हणून तू रडतेस. तुझा एक गेला, माझा सगळा उन्हाळा आणि पावसाळा गेला. ते आता तुझ्या माझ्यात मिटलं.

पण त्या लग्नांतल्या बायकांना मी हळद लावली आहे. माझी लाज सगळीकडं सांडून गेलीच होती. तिला भिऊन का होईना त्या येत होत्या. गोदी वाचली. लाज माझी होती, ती कुठं खर्च करायची ते मला विचारायचं होतंस.

आता ऐक. परत जा. धोंडीबाईच्या दारात पहिली जा. सांग, माझं चुकलं, मॅडमनी मला समजावून सांगितलं, रोग धवलेरीकडूनच आला. माझ्या हातून ज्यांना हळद लागली, माझ्या भांड्यातून ज्या प्यायल्या, त्या सगळ्यांनी बघून घ्यायचं. मोठ्यानं सांग. तुला खोटं बोलायची लाज वाटेल. वाटू दे.

सगळ्या तपासून झाल्या की मग खरं सांग. तोवर मी असले तर मीच येऊन माझ्या तोंडानं सांगीन. नसले तर तू सांग. पण आधी नाही.

तुझी आत्या जानी

(ताई, मी लिहिताना थांबले होते. म्हटलं, आई, हे नको. त्या म्हणाल्या, लिव.
वर्षा)